डिस्क मेली म्हणण्याआधी पट्टी बघा

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की माळ्यावर जुना कॉम्प्युटर पडला असेल तर त्यातले फोटो-बिटो पावसाळ्याआधी काढून घ्या, आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी सगळी जागा त्यालाच द्यावी लागली. बहुतेक पत्रांत एक वाक्य सारखंच आहे, "डिस्क गेली असं दुकानदार म्हणाला". गेली असेलही, नाही म्हणत नाही मी. पण सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या टेबलावर अशा 'गेलेल्या' डिस्का येतात त्यातल्या बऱ्याच नुसती पट्टी (डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी चपटी केबल) बदलली, जम्पर (डिस्कच्या मागचं बारकं टोपण) सरळ केला की उठून बसतात. म्हणून आज सगळं त्या पट्टीवरच.

तासगावहून एक निवृत्त शिक्षक विचारतात: आमच्याकडे २००४ सालचा कॉम्प्युटर आहे, त्यात ४० जीबीची डिस्क चालू आहे. मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरमधली ८० जीबीची डिस्क होती, तिच्यात मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो आहेत. ती मी त्याच पट्टीच्या मधल्या कनेक्टरला लावली तर आता दोन्ही दिसेनात, आधी चालू होती तीसुद्धा गेली. काढली की पहिली परत येते. दुकानात दाखवलं तर म्हणाला ८० वाली शॉर्ट आहे, टाकून द्या. टाकू का?

टाकू नका ओ सर! शॉर्ट असती तर कॉम्प्युटरच चालू झाला नसता, वीज पुरवणारा एसएमपीएस लगेच बसला असता, पंखा एक गिरकी घेऊन थांबला असता. तुमचा चालू होतोय, फक्त डिस्का दिसत नाहीत. म्हणजे भांडण पट्टीवर आहे.

आयडीई म्हणजे जुन्या कॉम्प्युटरात डिस्क जोडायची पद्धत, तिची पट्टी म्हणजे एकच रस्ता आणि त्यावर जास्तीत जास्त दोन घरं. कंट्रोलर (मदरबोर्डावरची डिस्का सांभाळणारी चिप) हाक मारतो तेव्हा "मास्टर, तू बोल" किंवा "स्लेव्ह, तू बोल" असं म्हणतो आणि आपण कोण हे डिस्कला मागच्या बाजूच्या जम्परवरनं कळतं. तुमच्या मुलाची डिस्क त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एकटी होती, म्हणजे ती मास्टर. तुमची पण मास्टर. आता एका हाकेला दोघी एकदम ओ देतात, तारांवर दोघींचं बोलणं एकमेकांत मिसळतं आणि कंट्रोलरला काहीच उमगत नाही, तो म्हणतो इथं कुणीच नाही. वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असल्या की हजेरीला काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.

तर ८० वाली डिस्क बाहेर काढा, मागं डेटाचा कनेक्टर आणि पॉवरचा कनेक्टर यांच्या मधे थोड्या पिना दिसतील, त्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढं प्लॅस्टिकचं टोपण असतं, तोच जम्पर. भुवया काढायच्या चिमट्यानं तो निघतो, पण खाली वर्तमानपत्र अंथरा, माझे अर्धे जम्पर सतरंजीत गेलेत. डिस्कच्या लेबलवर छोटं चित्र असतं, त्यात स्लेव्हसाठी तो कुठं बसवायचा ते बघा. प्रत्येक कंपनीचं चित्र वेगळं, त्यामुळं एकीचं बघून दुसरीला लावू नका. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर तर 'एकटी' आणि 'मास्टर, सोबत स्लेव्ह आहे' या दोन सेटिंग वेगवेगळ्या असतात, तुमची ४० वाली त्यातली असेल तर तिचाही जम्पर बदलावा लागेल, नुसती नवीन पाहुणी बदलून भागायचं नाही. आणि काही डिस्कांवर एक जम्पर असाही असतो की तो लागला तर डिस्क ३२ जीबीचीच आहे असं सांगते, तो जुन्या बायोससाठी, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रामसाठी, दिलेला. ८० ची ३२ दिसली तर डेटा उडाला म्हणून बोंब मारू नका, जम्पर चुकीच्या घरात बसलाय.

दुसरं, पट्टी कुठली आहे ते बघा. कनेक्टर दोन्हीत ४० पिनचेच, पण एका पट्टीत ४० जाड तारा असतात आणि दुसरीत ८० बारीक. त्या जास्तीच्या ४० तारा नुसत्या ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या), दर दोन सिग्नलच्या मधे एक, शेजारच्या तारेचा आवाज या तारेत येऊ नये म्हणून. सेकंदाला ३३ एमबीच्या वरचा वेग, म्हणजे ६६, १००, १३३, हवा असेल तर ८० तारांचीच पट्टी लागते. तुमचा २००४ चा कॉम्प्युटर म्हणजे तीच असणार, रंग बघा: निळं तोंड मदरबोर्डला, काळं शेवटचं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. आणि डिस्क एकच असेल तर ती शेवटच्या काळ्या तोंडालाच लावायची. मधल्याला लावून पुढची शेपटी लोंबत ठेवली तर काय होतं ते पुढं मिरजेच्या उत्तरात सांगतो, तिथं तेच रामायण आहे.

पट्टीची लांबी ४६ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट, त्याच्या पुढं नाही. बाजारात एकेकाळी गोल गुंडाळलेल्या रंगीत लांबलचक केबली मिळायच्या, कॅबिनेट उघडं ठेवणारी पोरं हौसेनं घ्यायची. दिसायला छान, पण पट्टीत सिग्नल-ग्राउंड-सिग्नल अशी जी शिस्त असते तीच त्या गुंडाळण्यात मोडते. माझ्याकडं दोन आहेत, त्यानं मी टोमॅटोची रोपं बांधलीत.

मिरजेचे एक छापखानेवाले: दादा, छापखाना वडिलांपासूनचा. १९९८ च्या सुमाराला घेतलेला मोठा स्कॅनर आणि डिस्कची एक बाहेरची पेटी होती, स्कझी (एका साखळीत बरीच उपकरणं जोडायची जुनी पद्धत) कार्डाला ५० पिनवाल्या जाड केबलनं एकामागं एक जोडलेली: आधी कार्ड, मग पेटी, मग शेवटी स्कॅनर. स्कॅनर बिघडला म्हणून भंगारात दिला, केबल तशीच पेटीच्या मागं लोंबतीय. तेव्हापासून पेटी कधी दिसते कधी नाही. दिसली तरी छोट्या फायली जातात आणि मोठी कॉपी करायला घेतली की मधेच अडकतं. त्यात २०१० पर्यंतच्या लग्नपत्रिका आणि दोन-तीन दिवाळी अंक, सगळे पेजमेकरचे (पानं लावायच्या प्रोग्रामचे) जॉब आहेत. डिस्कला बॅड सेक्टर, म्हणजे खराब जागा, आलेत का?

बॅड सेक्टर असतील तर ते त्याच त्याच जागी अडवतात, रोज वेगळ्या फायलीवर नाही. तुमचा चोर तुम्हीच पत्रात सांगून टाकलाय, ती लोंबणारी केबल.

तुम्ही मिरजेचे, म्हणून तंबोऱ्यावरनं सांगतो. तार छेडली की लाट घोडीपर्यंत जाते, तिथं तार अडकवलेली असते म्हणून लाट मागं फिरते, परत येते, परत जाते, आणि तेच आपल्याला ऐकू येतं. तार वाजते कारण टोकाला लाट जिरत नाही. केबलमध्ये सिग्नल असाच लाटेसारखा पळतो, मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद लागतात, आणि केबलचं टोक मोकळं असलं की तिथनं मागं फिरतो. तंबोऱ्याला ते हवं असतं, आपल्याला नको असतं. परत आलेली लाट पुढच्या सिग्नलवर आदळली की डिस्कला 'एक' आहे का 'शून्य' तेच समजत नाही. मग कार्ड म्हणतं परत पाठव, परत पाठव, छोटी फाईल दोन-चार प्रयत्नांत निघून जाते, मोठीला कुठंतरी दम संपतो. हे तुमचं अडकणं.

म्हणून स्कझीच्या साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावतात, म्हणजे लाट जिरवणारे रेझिस्टर. दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांना. तुमचा शेवटचा टर्मिनेटर स्कॅनरात होता किंवा त्याच्या मागच्या मोकळ्या तोंडात टोपणासारखा बसवलेला होता. स्कॅनर भंगारात गेला, त्याबरोबर तोही गेला. भंगारवाल्याकडं अजून असेल तर धावा, ते टोपण आता सहज मिळत नाही.

साध्या जातीच्या टर्मिनेटरात प्रत्येक सिग्नल तारेला २२० ओहमचा एक रेझिस्टर ५ व्होल्टकडं आणि ३३० ओहमचा एक ग्राउंडकडं असतो, अशा १८ तारा. चांगल्या जातीचा असतो त्याला ॲक्टिव्ह म्हणतात, त्यात रेग्युलेटर २.८५ व्होल्ट तयार करतो आणि तिथनं ११० ओहम. मिळाला तर हाच घ्या, केबल लांब असेल तर फरक डोळ्यांनी दिसतो. आणि त्या ५ व्होल्टसाठी केबलमधनंच वेगळी तार येते, ५० पिनवाल्यात २६ नंबरची. कार्डावरचा तिचा बारीक फ्यूज उडाला असेल तर टर्मिनेटर लावूनही न लावल्यासारखा, मल्टिमीटर लावून बघा, साडेचारच्या आसपास तरी यायला पाहिजेत.

आता तुम्ही म्हणाल एक जास्तीचा लावला तर बरं, सुरक्षित. नको! एका टर्मिनेटरमधनं एका तारेला २२-२३ मिलिॲम्पिअर येतात, दोन टोकांचे मिळून ४५ च्या घरात, आणि तार खाली ओढणारा चिपमधला ड्रायव्हर ४८ पेलायच्या हिशोबानं बनवलेला असतो. तिसरा लावला की ६८ होतात, मग बिचाऱ्याला तार नीट शून्यावर आणताच येत नाही. हा दोष फार फसवा, कारण थंड सकाळी चालतं आणि दुपारी बंद पडतं.

तुमच्या बाबतीत काम सोपं: लोंबणारी केबल पेटीच्या मागनं पूर्ण काढा, त्या मोकळ्या झालेल्या तोंडात टर्मिनेटर खोचा, किंवा पेटीच्या मागं 'टर्म' असं लिहिलेला खटका असेल तर तो चालू करा. दोन्ही करू नका. खटका नसेल तर पेटी उघडून डिस्कच्या पोटाकडच्या सर्किटवर बघा, जुन्या डिस्कांवर कंगव्यासारखे तीन रेझिस्टर पॅक सॉकेटमध्ये बसवलेले असतात, तेच टर्मिनेटर, कुणीतरी काढून ठेवले असतील तर सॉकेट रिकामी दिसतील. दुसरं टोक कार्डाचं. कार्डाला आत एक आणि बाहेर एक अशा दोन्ही बाजूंना केबल असेल तर कार्ड मधे आलं, मग त्याचं टर्मिनेशन बंद पाहिजे. एकाच बाजूला असेल तर चालू.

केबलची लांबी मोजताना पेटीच्या आतली आणि कॅबिनेटमधली पण धरा, लोक फक्त टेबलावरची मोजतात. पहिल्या काळातल्या सेकंदाला ५ एमबी नेणाऱ्या स्कझीला ६ मीटर चालायचं, १० एमबीच्या 'फास्ट' जातीला ३, आणि त्याहून जलद 'अल्ट्रा'ला चारापेक्षा जास्त डिव्हायसेस असतील तर दीडच मीटर. वेग वाढला तशी मुभा कमी झाली. मग एलव्हीडी आलं, म्हणजे प्रत्येक सिग्नलला दोन तारा एकमेकींच्या उलट्या, तेव्हा ८० एमबीला पण १२ मीटर जमायला लागलं.

हे मी शहाणपणानं सांगतोय, पण शिकलो कसं तेही सांगतो. एका फोटो स्टुडिओचं काम होतं, हरभट रोडच्या बाजूला, असंच अडकायचं. मी डिस्क बदलली, कार्ड बदललं, दोन दिवस घालवले, चहावाल्याला पण पाठ झालं होतं काय बिघडलंय. शेवटी वैतागून सगळं उपसलं तर कॅबिनेटच्या आतल्या पट्टीला पाच तोंडं आणि डिस्क मीच लावली होती चौथ्या तोंडाला, कारण तिथं हात पोचत होता. पुढं वीतभर पट्टी नुसती दुमडून ठेवलेली. डिस्कवर टर्मिनेटर होता, पण डिस्क टोकाला नव्हती. पाचव्या तोंडाला लावली आणि झालं. गिऱ्हाईकाकडनं पैसे घेताना लाज वाटली, निम्मेच घेतले.

अजून एक, हे स्कझीचं नाही पण तुमच्या कामाचं आहे. जॉब निघाले की नुसते जॉब कॉपी करून मोकळे होऊ नका, त्या मशीनमधला फॉन्टचा फोल्डर पण घ्या. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोड नव्हते, आत अक्षरं इंग्रजीचीच असतात आणि वरनं मराठी दिसतात. फॉन्ट नसेल तर "शुभविवाह" च्या जागी नुसतं चिन्हांचं कडबोळं दिसेल आणि मग तुम्ही परत मला विचाराल डेटा करप्ट झाला का.

कुपवाड एमआयडीसीतनं एक वर्कशॉपवाले: साहेब, आमच्या जुन्या मशीनच्या कंट्रोलला आत ५० पिनची स्कझी डिस्क हाय. ती लई आवाज करतीय म्हणून मी ८० पिनची सर्व्हरमधली जुनी डिस्क आणि तिला लावायचं हिरवं ॲडॅप्टर आणलं. कंट्रोलला लावायच्या आधी आमच्या पोरानं कॉम्प्युटरच्या स्कझी कार्डाला लावून बघितली तर एकाच्या जागी सात डिस्का दिसल्या, सगळ्या सारख्या. हे कसलं भूत?

भूत नाही, नंबर चुकलाय. स्कझीत प्रत्येकाला आयडी लागतो, ८ बिटच्या बसवर ० ते ७, आणि कार्ड स्वतः बहुतेक ७ घेऊन बसतं, कारण दोघांना एकदम बोलायचं असेल तर ७ ला पहिला मान, मग ६, असं खाली. तुमच्या ॲडॅप्टरवर तीन जम्पर असतील, १, २ आणि ४ किमतीचे, तिन्ही लावले की बेरीज ७. म्हणजे डिस्कनं कार्डाचाच नंबर घेतला. मग कार्ड ० नंबरला हाक मारतंय, १ ला मारतंय, आणि प्रत्येक हाकेत स्वतःचा नंबर पण पुकारतंय म्हणून ही बाई प्रत्येक वेळी ओ देतीय. जुन्या डिस्कवर कुठला आयडी होता तो बघून तोच द्या. बहुतेक ० असतो, म्हणजे तिन्ही जम्पर काढायचे, पण बघूनच.

पण तिथं तुमचं काम संपत नाही. ८० पिनच्या डिस्कवर टर्मिनेटर नसतो, ती पाटीत सरकवायच्या सर्व्हरसाठी बनवलेली. तुमच्या मशीनमधली जुनी डिस्क टोकाला असेल आणि तिच्यावर ते कंगवे असतील तर ती काढल्यावर टोक उघडं पडणार, वर मिरजवाल्यांसारखं. त्यासाठी पट्टीच्या शेवटच्या तोंडाला वेगळा टर्मिनेटर आणि डिस्क त्याच्या अलीकडं. शिवाय ही डिस्क १६ बिटची आणि तुमची पट्टी ८ बिटची, वरचे ८ बिट हवेतच राहतात, चांगल्या ॲडॅप्टरवर त्यांची सोय केलेली असते, स्वस्तात नसते. विकणारा म्हणतो सगळं सारखंच, मी म्हणतो नाही.

खरं विचाराल तर मी फिरणारी डिस्क घालणारच नाही. आता एसडी कार्डावर चालणारी छोटी बोर्डं मिळतात, ब्लूस्कझी, झुलूस्कझी, स्कझी२एसडी अशी नावं, ती ५० पिनच्या पट्टीवर बसतात आणि कंट्रोलला वाटतं आपली जुनी डिस्कच आहे. जुन्या डिस्कचा साईज, सेक्टर, आयडी सगळं त्यात भरता येतं. मोठी नवीन डिस्क बघून काही जुने कंट्रोल गोंधळतात, तो प्रश्न इथं येत नाही. आणि मशीनमधल्या तेलाच्या वाफेत, हादऱ्यात फिरणारं काही नसलेलं बरं.

फक्त त्याआधी जी आवाज करतीय तिची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढा, लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं, तो आधी सोपा भाग वाचून घेतो आणि अडकलेल्या जागा शेवटी परत परत बघतो. हे आज करा. ती डिस्क आवाज करतीय म्हणजे सांगून जातीय. आणि कंट्रोल उघडायच्या आधी मेन आयसोलेटर पाडा, नुसतं पॅनेलचं लाल बटण दाबून आत हात घालू नका.

साताऱ्याची एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी: काका, सोळा तारांनी एकदम सोळा बिट जातात तर ते एका जोडीनं एकेक बिट पाठवण्यापेक्षा जलद पाहिजे ना? मग सगळं सिरीयल, म्हणजे एकामागं एक बिट पाठवणारं, का झालं? सरांनी "क्रॉसटॉक आणि स्क्यू" एवढं लिहून दिलं आणि पुढं गेले.

सरांनी बरोबर लिहून दिलंय गं, फक्त पुढं लवकर गेले. लेझीम बघितलीयस ना? सोळा मुलींची एक रांग, हलगीच्या ठोक्यावर सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. ठोका सावकाश असेल तर एखादी थोडी मागं राहिली तरी पुढच्या ठोक्याआधी सावरते. आता हलगीवाल्यानं लय वाढवत न्यायची, वाढवत न्यायची. एक वेळ अशी येते की मागं राहिलेली आधीच्या ठोक्यावर असते आणि पुढची नवीन ठोक्यावर, रांगेचं चित्रच मोडतं. हा स्क्यू.

आकड्यात बघ. अल्ट्रा३२० स्कझी सेकंदाला ३२० एमबी न्यायची, १६ बिटच्या बसवर म्हणजे सेकंदाला १६ कोटी ठोके, एका ठोक्याला सव्वासहा नॅनोसेकंद. केबलमध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला वीसेक सेंटीमीटर जातो. एक तार दुसरीपेक्षा इंचभर जास्त, एका कनेक्टरचा संपर्क जरा सैल, एका चिपचा ड्रायव्हर जरा आळशी, असं सगळं मिळून त्या सव्वासहातला मोठा घास जातो. त्यात सगळ्या तारा एकदम हलल्या की शेजारणीत करंट उमटतो, तो क्रॉसटॉक. लय अजून दुप्पट करायची तर केबल सोन्याच्या भावाची झाली असती.

एका जोडीत रांगच नाही तर मागं राहणार कोण? ठोका पण त्याच सिग्नलमधनं ओळखतात, वेगळी तार नाही. म्हणून २००३ मध्ये आयडीईच्या जागी साटा ही डिस्क जोडायची नवीन पद्धत आली तेव्हा पहिल्याच झटक्यात सेकंदाला दीड गिगाबिट, सात तारांची बारकी केबल, एक मीटर लांबीपर्यंत, मास्टर-स्लेव्ह नाही, टर्मिनेटर शोधत बसायचं नाही, कारण तो दोन्हीकडच्या चिपमध्येच असतो. २००६ च्या सुमाराला इंटेलनं आपल्या डेस्कटॉपच्या नवीन चिपसेटमधनं जुनं आयडीई काढूनच टाकलं.

पण पॅरलल, म्हणजे अनेक तारांनी एकदम पाठवणं, मेलं असं पेपरात लिहू नकोस हां. मदरबोर्डावर रॅमच्या खाचांजवळ बघ, तांब्याच्या रेघा नागमोडी वळवलेल्या दिसतील, सरळ जाता येत असून. त्या मुद्दाम लांब केल्यात, सगळ्यांची लांबी एक व्हावी म्हणून. तिथं अंतर काही सेंटीमीटरचंच, त्यामुळं लेझीम अजून चालू आहे.

विट्याहून: जुनी झिप ड्राईव्ह (जाड फ्लॉपीसारख्या डिस्कांची) सापडली, २५ पिनची केबल आहे, कॉम्प्युटरच्या मागच्या प्रिंटरच्या पोर्टला बरोबर बसते. लावू का?

थांबा. बसते म्हणजे चालते असं नाही. २५ पिनच्या तोंडाची झिप ड्राईव्ह दोन जातीत यायची, एक प्रिंटर पोर्टवाली आणि एक स्कझीवाली. स्कझीत २५ नंबरच्या पिनवर टर्मिनेटरसाठीचे ५ व्होल्ट असतात आणि प्रिंटर पोर्टात तीच पिन ग्राउंड. फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं, नाहीतर पोर्ट जातो. ड्राईव्हच्या मागं बघा, ५ आणि ६ असा आयडीचा खटका आणि शेजारी टर्मिनेशनचा खटका असेल तर ती स्कझीवाली, प्रिंटर पोर्टला लावायची नाही.

कराडहून: डिस्क यूएसबीला जोडायचं ॲडॅप्टर मागवलं. मोठी आयडीई डिस्क फिरते पण दिसत नाही. लॅपटॉपची छोटी तर फिरत पण नाही, नुसती टिकटिक करते. ॲडॅप्टर बोगस आहे का?

मोठीला आधी मास्टर करा, यातली बरीच ॲडॅप्टरं फक्त मास्टरलाच ओळखतात, स्लेव्हवर ठेवली तर वाट बघत बसाल. पॉवर आधी, यूएसबी नंतर, आणि चालू असताना पट्टी काढ-घाल करू नका, हे आयडीई आहे, पेनड्राईव्ह नाही.

छोटीला ४४ पिना असतात, त्यातच पॉवर पण. त्यांच्या बाजूला थोडी जागा सोडून अजून चार पिना असतात, त्या जम्परच्या. घाईत ॲडॅप्टर सरकून त्या चारांवर चढतं, बघा बरं आधी. बरोबर बसलं असेल आणि तरी टिकटिक असेल तर जुन्या यूएसबी पोर्टचे ५०० मिलिॲम्पिअर तिला फिरायला कमी पडत असतील, दोन तोंडांची यूएसबी केबल लावा. त्यानंही टिकटिक थांबली नाही तर मात्र बंद करा आणि हात लावू नका, ही खरंच आतनं गेलेली असू शकते.

पलूसच्या एका वाचकानं माझी चूक काढलीय. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पट्टीची लाल कड नेहमी डिस्कच्या पॉवर कनेक्टरच्या बाजूला येते. ते लिहितात, त्यांच्या जुन्या सीडी ड्राईव्हला उलटी होती आणि माझं वाचून त्यांनी फिरवून लावली तर काहीच दिसेना. बरोबर आहे त्यांचं. लाल कड म्हणजे १ नंबरची पिन, ती बहुतेक वेळा पॉवरकडं असते, नेहमी नाही. ड्राईव्हवर कनेक्टरच्या वर १ किंवा ४० असा बारीक आकडा छापलेला असतो, टॉर्च मारून तो बघायचा. कनेक्टरमध्ये २० नंबरची पिन गाळलेली असते आणि चांगल्या पट्टीत ते भोक बुजवलेलं, त्यामुळं उलटी बसतच नाही, पण यांच्याकडची पट्टी जुनी, सगळी भोकं उघडी. ड्राईव्ह शाबूत आहे, सरळ लावल्यावर चालू झाली असं त्यांनीच पुढं लिहिलंय. पलूसकर, चहा माझ्याकडं लागला.